बेळगाव भागात हँडहेल्ड घ्यायचा तर कुठला? स्विच २, स्टीम डेक का अ‍ॅलाय

तवंदी_घाट

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा, कामाला बेळगावात उद्यमबागेत. सकाळी बस, संध्याकाळी बस, आणि ऊस सुरू झाला की हायवेला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं अजून वेळ जातोय ते वेगळंच. मोबाईलवर गेम खेळून वैताग आलाय, अर्धा स्क्रीन अंगठ्यांनीच झाकतोय आणि दर दोन मिनिटाला जाहिरात. म्हणून हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं मशीन, घ्यायचं नक्की केलंय, बोनस आणि भिशी मिळून ७० हजारापर्यंत जाईन.

डोक्यात तीन आहेत. निन्टेन्डोचा स्विच २, व्हॉल्व्हचा स्टीम डेक ओलेड आणि आसूसचा आरओजी अ‍ॅलाय. आतेभाऊ दुबईला असतोय, डिसेंबरात सुट्टीला येतोय, पहिल्या दोनपैकी काय पाहिजे ते सांग आणतो म्हणालाय. अ‍ॅलाय इकडंच दुकानात मिळेल. मला फुटबॉल लई आवडतंय, शिवाय गोष्टीवाले मोठे गेम. रविवारी बहिणीचा पोरगा येतोय, पाचवीत आहे, त्याच्या पण हातात द्यायला पाहिजे.

यूट्यूबवर सगळे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) मोजून दाखवतात, पण निपाणीत राहणाऱ्या माणसाचं मशीन बिघडलं तर त्यानं कुणाकडं जायचं हे कोण सांगत नाही. कंपन्यांचंच मला कळंना झालंय. कुठली टिकून साथ देईल आणि कुठली वर्षा-दोन वर्षात नवीन मॉडेल काढून आपल्याला वाऱ्यावर सोडेल? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

चिकोडी_चौक

अ‍ॅलाय घे भावा. फुल एचडी, १२० हर्ट्झ, आणि आत विंडोज आहे म्हणजे जे पीसीवर चालतंय ते सगळं चालतंय, स्टीम आणि एपिक ही गेमची ऑनलाईन दुकानं, मायक्रोसॉफ्टची गेम पास वर्गणी, सगळं. जुलै २०२३ ला भारतात आला तेव्हाच ६९,९९० ला होता, तुझ्या बजेटात बसतोय. बिल आपल्या देशातलं, वॉरंटी आपल्या देशातली. दुबईचं सामान दुबईलाच बरं.

सोल्डर_शहापूर

मी शहापुरात मोबाईल-लॅपटॉप रिपेअरी करतोय, अलीकडं हँडहेल्ड पण बरेच येतात टेबलावर, खानापूर, संकेश्वर, गोव्याकडनं सुद्धा. त्यामुळं मी आतून काय आहे तेच सांगतो, बाहेरचं बाकीचे सांगतील.

सगळ्यात जास्त काय येतंय म्हणशील तर स्टिक, म्हणजे अंगठ्यानं फिरवायची दांडी. तू म्हणतोस त्या तिन्ही मशीनच्या स्टिकमध्ये घासूनच रीडिंग घेतात. आत कार्बनची एक बारीक पट्टी असते आणि तिच्यावर धातूची पत्ती सरकत राहते. वर्ष-दीड वर्ष दाबून खेळलं की कार्बन झिजतो, त्याची काळी भुकटी आतच पसरते, मग तू बोट न लावता पण गेममधला माणूस आपोआप डावीकडं चालायला लागतोय. ह्यालाच ड्रिफ्ट म्हणतात. पहिल्या स्विचच्या जॉय-कॉनचं, म्हणजे बाजूच्या सुट्या कंट्रोलरांचं, हे प्रकरण एवढं वाढलं की अमेरिकेत केसी झाल्या आणि २०२० च्या जूनमध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष फुरुकावा यांना शेअरहोल्डरांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ह्यावर उपाय आहे, हॉल इफेक्ट म्हणजे चुंबक आणि सेन्सर, कशाला काय घासतच नाही. लिनोवोच्या लिजन गो मध्ये ते आहे. स्विच २ मध्ये निन्टेन्डोनं तरी पण ते घातलं नाही, मला ह्याचं मनापासून वाईट वाटतंय, एवढी मोठी कंपनी, एवढा त्रास होऊन गेलेला, करायला पाहिजे होतं.

आता उघडायचं कसं. स्टीम डेक ओलेडच्या मागं आठ स्क्रू, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे टॉर्क्स, टॉर्क्सचा स्क्रूड्रायव्हर असला की निघतात. स्टिकचं पूर्ण मॉड्यूल स्क्रूवर बसवलेलं आहे, केबल सोडवायची, नवीन लावायचं, सोल्डरिंगला हात लावायला लागत नाही. व्हॉल्व्हनं दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिट कंपनीला सांगून सुटे भाग विकायला ठेवलेत, आणि कंपनीनंच स्वतः मशीन उघडून दाखवलंय. बॅटरी तेवढी डिंकानं इतकी पक्की चिकटवलीय की काढताना जीव मुठीत धरायला लागतोय. स्विचला मात्र तीन पाकळ्यांचा स्पेशल स्क्रू, आणि स्विच २ ला आयफिक्सिटनंच दुरुस्तीसाठी १० पैकी ३ मार्क दिलेत. अ‍ॅलाय लॅपटॉपसारखाच आहे, लॅपटॉप उघडणारा कुणी पण उघडेल. पण पहिल्या अ‍ॅलायमध्ये मेमरी कार्डाचा स्लॉट गरम हवा बाहेर पडायच्या जागेजवळच ठेवला होता, उष्णतेनं तो मान टाकायचा, आसूसनं स्वतः ते कबूल केलं. २०२४ च्या अ‍ॅलाय एक्समध्ये सुधारलं.

बॅटरीचं तूच भागाकार करून बघ, यूट्यूबची गरज नाही. पहिल्या अ‍ॅलायमध्ये ४० वॉट-अवर. मोठा गेम पूर्ण ताकदीनं लावलास की बॅटरीवर चिप २५ वॉटच्या आसपास घेतीय, वर स्क्रीन आणि फॅन. म्हणजे निपाणीला बसमध्ये बसलास तर बेळगाव येईपर्यंत संपली. डेक ओलेडमध्ये ५० वॉट-अवर आणि चिपला १५ वॉटचीच मर्यादा, कंपनी ३ ते १२ तास म्हणते. चित्र डेकचं थोडं कमी, ८०० पी, पण साडेसात इंचाच्या आत स्क्रीन असल्यावर डोळ्याला ते जाणवत नाही.

आणि बसमध्ये खेळणाऱ्याला एक गोष्ट लई महत्त्वाची. डेकचं पॉवर बटण एकदा दाबलं की गेम आहे तिथं थांबतोय, संध्याकाळी परत दाबलं की तिथनंच सुरू. स्विचचं पण तसंच. विंडोजवर हे भरवशाचं नाही, बॅगेत ठेवलेलं मशीन आत जागं होऊन तापलेलं मी हातात धरून बघितलंय.

माझा कल डेककडं.

मलप्रभाकाठ

दादा, भाच्याला द्यायचं म्हणताय म्हणून लिहितेय, नाहीतर इथं सगळे वॉट आणि चिपवरच बोलायलेत.

आमच्याकडं खानापुरात स्विच ओलेड आहे, मी आणि माझी मुलगी खेळतो. पावसाळ्यात आमच्या भागात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा आम्ही काय करतो, स्विचच्या मागची पट्टी उघडून तो जेवणाच्या टेबलावर उभा करायचा, दोन्ही बाजूचे कंट्रोलर काढायचे, एक आडवा तिच्या हातात, एक माझ्या हातात, आणि मारिओ कार्ट. एकाच डब्यातनं दोन कंट्रोलर निघतात, वेगळं काय घ्यायला लागत नाही. तिच्या मैत्रिणी आल्या तर पाळी लावून खेळतात, भांडणं पण होतात, पण एकमेकींकडं बघून खेळतात, मोबाईलमध्ये तोंड घालून बसत नाहीत. डेक किंवा अ‍ॅलायवर दुसऱ्यानं खेळायचं तर कंट्रोलर वेगळा घ्यायला लागेल. पाचवीतल्या पोराच्या हाताला ते जड पण होतात, डेक ओलेड ६४० ग्रॅमचा आहे.

दुसरं, कार्डावरचा गेम खेळून झाला की विकता येतो. माझे दोन-तीन गेम बेळगाव, धारवाड, कोल्हापूर असे फिरून आलेत. स्विचची कार्डं जवळजवळ सगळ्या देशांची चालतात. स्टीमवरचा गेम मात्र तुमच्या खात्यातच राहतो, कुणाला विकता येत नाही.

आता वाईट पण सांगते. निन्टेन्डोचं भारतात अधिकृत दुकान नाही, सर्व्हिस नाही, ऑनलाईन दुकानाला भारताचा पर्यायच नाही, दुसऱ्या देशाचं खातं करून गिफ्ट कार्ड घालायला लागतंय. आणि त्यांचे स्वतःचे गेम क्वचितच स्वस्त होतात. स्टीमवर दिवाळी, मे महिना, कधी ना कधी सेल असतो, मारिओला सेल क्वचितच लागतो.

आतेभावाला एक नक्की सांगा. स्विच २ चं जपानात एक स्वस्त मॉडेल आहे, २०२५ ला आलं तेव्हा ४९,९८० येनचं होतं, ते फक्त जपानी भाषेत चालतं आणि जपानचंच खातं लागतं. कुणी स्वस्तात दिलं तर खोक्यावरचं बघून घ्या. वापरलेला स्विच २ पण नको, आधीच्यानं त्यावर काही उद्योग करून कंपनीनं ऑनलाईन बंद केलेला असला तर तुम्हाला कळणार नाही.

टिळकवाडी_ब्रिकगेम

कंपन्यांचं विचारलंस म्हणून जरा लांबड लावतो, वाचायला वेळ असला तर वाच.

आमच्या लहानपणी जत्रेत ९९९९ गेमवाला ब्रिक गेम मिळायचा, राखाडी स्क्रीन, काळे ठोकळे, दोन सेल. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं की ह्याचा मूळ पुरुष निन्टेन्डोचा गेम बॉय आहे. ती कंपनी १८८९ ची, क्योटोमध्ये हानाफुदा नावाचे पत्ते बनवायची. बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ ला, गुनपेई योकोई ह्या इंजिनिअरच्या टीमनं गेम बॉय काढला. योकोईंचं म्हणणं असं की नवीन महागडं तंत्रज्ञान घ्यायचं नाही, जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोड्या माहीत झाल्यात, तेच घ्यायचं आणि वेगळ्या तऱ्हेनं वापरायचं. स्क्रीन रंगीत नव्हता, मागून उजेड नव्हता. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तो पण रंगीत. पण गेम गिअर सहा सेल खाऊन तीन ते पाच तासात गप व्हायचा आणि गेम बॉय चार सेलवर दहा तासाच्या वर सहज जायचा. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून जवळजवळ ११ कोटी ८७ लाख खपले. सेगानं २००१ ला मशीन बनवायचंच सोडलं. शहापूरवाल्यांनी वर बॅटरीचा भागाकार करून दाखवला ना, तो १९८९ पासनं असाच आहे.

मग कोण कशावर कमावतंय ते बघ, म्हणजे कोण साथ देईल ते कळेल. निन्टेन्डो स्वतःच्या गेमवर कमावते, मारिओ, झेल्डा, पोकेमॉन खेळायचं तर त्यांच्याच मशीनवर. व्हॉल्व्ह स्टीम दुकानावर कमावते, दुसऱ्यानं बनवलेल्या गेमच्या विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा, म्हणून डेक त्यांनी कमी नफ्यात काढला तरी त्यांचं भागतंय, तू गेम घेत राहिलास म्हणजे झालं. आसूस मशीन विकून कमावते, एकदा तू घेतलास की त्यांचं लक्ष पुढच्या मॉडेलवर. हे मी आसूसला नावं ठेवायला सांगत नाही, धंदाच तसा आहे. पण २०२३ ला अ‍ॅलाय, २०२४ ला अ‍ॅलाय एक्स, ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टबरोबर एक्सबॉक्स अ‍ॅलाय, हा वेग तूच बघ. डेकची चिप मात्र २०२२ पासनं जवळपास त्याच ताकदीची आहे, २०२३ ला ओलेड आला तो स्क्रीन आणि बॅटरी सुधारून, त्यामुळं गेम बनवणारे अजून त्या एका मशीनचा विचार करून गेम बसवतात.

सोनीबद्दल मला सगळ्यात जास्त हळहळ आहे. पीएसपी केवढं सुंदर मशीन, २००४ ला एवढा मोठा स्क्रीन. साधारण ८ कोटी खपलं. आणि आपल्यासाठी पण त्यांनी काहीतरी केलं होतं, २००९ ला देसी अड्डा नावाचा गेम पीएसपीवर आला, त्यात कबड्डी, गिल्ली-दांडा, पतंग. नंतर कुठल्या हँडहेल्ड कंपनीनं आपल्या खेळांकडं वळून बघितल्याचं मला आठवत नाही. मग २०११ च्या शेवटी व्हिटा आणला, मशीन अप्रतिम, पण मेमरी कार्ड फक्त सोनीचंच चालणार आणि ते महाग. लोकांनी पाठ फिरवली. आता प्लेस्टेशन पोर्टल आहे, पण तो घरातल्या पीएस५ चं चित्र वायफायवर आणतोय, बसमध्ये त्याचा काय उपयोग.

निन्टेन्डोची पण चूक झालीय. २०११ मध्येच थ्रीडीएस महाग लावला, खपेना, सहा महिन्यांच्या आत २५० डॉलरवरनं १७० वर आणला. त्यावेळचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार अर्धा केला. असा माणूस कंपनीच्या डोक्यावर असला की भरवसा वाटतो. पण त्याच थ्रीडीएसचं ऑनलाईन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, तेव्हापासनं त्यावर नवीन डिजिटल गेम घेता येत नाही. स्विचचे बहुतेक गेम स्विच २ वर चालतात हे मात्र चांगलं केलंय.

चिकोडी_चौक

सगळे डेक डेक करायलेत, पण त्यानं पहिलंच लिहिलंय की फुटबॉल लई आवडतंय. ईए कंपनीचा फुटबॉलचा गेम, ईए एफसी, डेकवर चालत नाही. २०२२ च्या फिफा २३ पासनं ईएनं जी अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना अडवणारी व्यवस्था) घातलीय ती लिनक्सला घेत नाही, आणि डेक विंडोजऐवजी लिनक्स ह्या सिस्टीमवर चालतोय. फोर्टनाईट नाही, व्हॅलोरंट नाही. हे आधी सांगायला पाहिजे होतं की नको?

सोल्डर_शहापूर

चिकोडीचं बरोबर आहे. फुटबॉलशिवाय चालत नसेल तर डेक घेऊन त्रास करून घेऊ नको. डेकवर विंडोज टाकता येतं, पण मग बटण दाबून झोपवायची आणि बॅटरीची जी मजा आहे तीच जाते. ईए एफसी स्विच २ वर आहे.

फौजी_हुक्केरी

सुट्टीवर घरी आलोय, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचा रेल्वेचा प्रवास लांबचा, जम्मूपर्यंत कितीतरी ठिकाणी नेटवर्क जातंय. गेम पासवर डाउनलोड केलेला गेम पण अधूनमधून इंटरनेटला जोडायला लागतो, नाहीतर उघडत नाही. स्टीमला ऑफलाईन मोड आहे, पण निघायच्या आधी घरातच वायफायवर प्रत्येक गेम एकदा उघडून बघा. कार्डवाला गेम असला तर काय विचारच करायला नको, घातलं की चालू. पण स्विच २ च्या काही कार्डांत पूर्ण गेम नसतोच, फक्त चावी असते, गेम डाउनलोडच करायला लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं, घेताना बघा.

हिरण्यकेशी

७० हजार एकदम घालायच्या आधी अ‍ॅनबर्निक नाहीतर मियू मिनीसारखा छोटा चायनीज घेऊन बघितला तर? खिशात बसतो, जुने गेम मस्त चालतात. फक्त दुकानदार आत हजारो गेम भरलेलं कार्ड देतात ते सगळं चोरीचं असतंय, निन्टेन्डो ह्या बाबतीत कुणाला सोडत नाही. २०२४ ला युझू नावाचा एम्युलेटर (स्विचचे गेम दुसऱ्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) बनवणाऱ्यांना २४ लाख डॉलर भरायला लावलेत.

तवंदी_घाट

एवढं सविस्तर कोण सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही टेबलावर ठेवून खेळायचं लिहिलंय ते बहिणीला वाचून दाखवलं, ती म्हणाली स्विचच घे. पण मला फुटबॉल रोज पाहिजे आणि बिघडलं तर हक्कानं जायला जागा पाहिजे. स्विच २ भारतात अधिकृत नाही म्हणजे वॉरंटीसाठी परत दुबईलाच पाठवायचं, आतेभाऊ वर्षातनं एकदा येतोय, ते जमणार नाही. म्हणून आता मन अ‍ॅलायकडं वळलंय. पण बॅटरीचं काय करू? आणि जुना स्वस्तात बघू का नवीन एक्सबॉक्स अ‍ॅलाय?

सोल्डर_शहापूर

नवीन एक्सबॉक्स अ‍ॅलाय बघ, साधा, एक्स नव्हे. त्याची चिप डेकच्या जवळपासची, कमी वॉटवर चांगली चालणारी, आणि बॅटरी ६० वॉट-अवर. घरी प्लगला लावून सगळ्यात भारी चित्र पाहिजे तर जुन्या अ‍ॅलायची चिप जास्त ताकदीची आहे, पण तू बसमधला माणूस. बसमध्ये १५ वॉटच्या मोडवर ठेव, ४० फ्रेमवर लॉक कर, निपाणी ते बेळगाव एवढं आरामात निघेल. पॉवर बँक घेतलास तर ६५ वॉट पीडी (जास्त ताकदीचं यूएसबी चार्जिंग) लिहिलेलीच घे, मोबाईलच्या साध्या पॉवर बँकेवर नुसतं चार्जिंगचं चिन्ह दिसेल आणि टक्के उतरत जातील.

बॅगेत टाकायच्या आधी पूर्ण शटडाऊन कर, नाहीतर हायबरनेट लाव, नुसतं स्लीपवर ठेवू नको. कामावरनं सुटल्यावर हात धुऊनच खेळ, उद्यमबागेची धूळ आणि तेल स्टिकच्या फटीत गेलं की माझ्याकडंच यायला लागेल.

टिळकवाडी_ब्रिकगेम

आणि व्हॉल्व्हनं मे २०२५ पासनं स्टीमओएस, म्हणजे डेकची ती लिनक्सवाली सिस्टीम, दुसऱ्या कंपन्यांच्या एएमडी चिपवाल्या मशीनवर पण चालवायला सुरुवात केलीय, अ‍ॅलाय त्यात आहे. उद्या आसूसनं लक्ष काढून घेतलं तरी मशीन वाया जाणार नाही, स्टीमचे गेम तसेच चालतील. फुटबॉलसाठी तेवढं विंडोज ठेव.

तवंदी_घाट

हे लई कामाचं सांगितलंत. शनिवारी हाफ डे आहे, बेळगावातच दुकानात जाऊन हातात धरून बघतो. दुकानात काय काय तपासू?

सोल्डर_शहापूर

खोकं तुझ्यासमोर उघडायला लाव. सेटिंगमध्ये स्टिकचा टेस्ट असतो, दोन्ही स्टिक गोल फिरवून सोड, खूण बरोबर मध्ये येऊन थांबली पाहिजे, थरथरली तर दुसरा पीस माग. दोन्ही ट्रिगर शेवटपर्यंत दाबून बघ. स्क्रीन पूर्ण पांढरा करून कुठं ठिपका आहे का बघ. एक मेमरी कार्ड घरनं घेऊन जा आणि घालून बघ. बिल जीएसटीचं पक्कं पाहिजे आणि त्यावर खोक्यावरचाच सिरियल नंबर लिहिलेला पाहिजे, तारीख पण त्याच दिवसाची. वॉरंटी त्याच दिवशी कंपनीच्या साईटवर नोंदव, दुकानदार आम्ही करतो म्हणाला तरी तूच कर. भाच्यासाठी दुसरा कंट्रोलर ब्लूटूथचा, हॉल इफेक्टवाला घे, साधारण तीन हजारात येतोय.

मलप्रभाकाठ

कंट्रोलर घेताना भाच्याला बरोबर न्या हं, त्याच्या हातात बसतोय का बघून घ्या.